घडी घातलेला रिपोर्ट

माझी बायको भाव करायला शिकली, असं मला वर्षभर वाटत होतं.

संध्याकाळी आम्ही नवघर रोडवरून चालत निघालो की ती मध्येच थांबायची. कधी कांदे-बटाट्याच्या गाडीपाशी, कधी प्लॅस्टिकच्या डब्यांच्या दुकानापाशी. "कसे दिले?" विचारायची, वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करायची, दोन-तीन मिनिटं काढायची आणि न घेताच पुढे निघायची. लग्न झाल्यापासून ही बाई दुकानदार सांगेल तो भाव मोजून यायची आणि माझी बोलणी खायची. पन्नाशी उलटल्यावर का होईना, माझा गुण लागला म्हणून मी खूश होतो. एकदा ती एका बंद शटरसमोर थांबली. मी म्हणालो, "आता काय शटरचा भाव विचारतेस?" ती हसली आणि म्हणाली, "चला."

तिची उजवी पोटरी चालताना आवळून यायची. थांबलं की सुटायची. मला सांगितलं असतं तर मी डाफरलो असतो, औषधं वेळेवर घेत नाहीस, गोड खातेस, म्हणून तिने दुकानं शोधली होती. हे मला फार उशिरा समजलं. तोवर तिच्या करंगळीला भाचीच्या लग्नातल्या नव्या चपलेचा फोड आला होता, तो दीड महिना भरत नव्हता, आणि एके सकाळी पाय पुसताना ती सहज म्हणाली, "अहो, हे बोट काळं का दिसतंय?"

मी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं काम करतो. काशीगावात माझा कारखाना आहे. सुरुवात केली तेव्हा एक कटर आणि एक भाड्याचा गाळा होता. मला कोणी काही दिलं नाही, आणि कोणाच्या शब्दावर मी काही घेतलंही नाही. धंद्यात मी दोन नियम पाळले. एक, पहिल्याचं कोटेशन दुसऱ्याला कधी दाखवायचं नाही. दाखवलं की तो स्वतःचं डोकं चालवत नाही, पहिल्याच्या आकड्यावरून बोलतो. दुसरा नियम, मापं घेणारा आणि काम करणारा एक नसावा. जो माप घेतो तोच खिडकी लावणार असेल, तर माप वाढतं. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी स्वतः वाढवतो. टेप थोडी सैल धरायची, वरचा इंच गोल करायचा. गिऱ्हाईक टेपकडे बघत नाही, काचेकडे बघतं.

हे दोन नियम घेऊन मी बायकोला पायाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर बाई होती, माझ्या मुलीच्या वयाची. रक्तवाहिन्यांची सर्जन. तिने बायकोला झोपवलं, पायाला जेली लावली आणि पेनासारखं एक यंत्र जांघेत टेकवलं. ब्रशने लादी घासावी तसा खणखणीत आवाज आला. गुडघ्यामागे तो अर्धा झाला. घोट्याशी नुसती फुसफुस. तिने बायकोला विचारलं, "ऐकू आलं मावशी? वर पाणी जोरात आहे, खाली थेंब थेंब पोचतंय." मग शेजारच्या खोलीत मोठ्या मशीनवर डॉपलर केला, म्हणजे नळ्यांची सोनोग्राफी, अर्धा तास. स्वतः. रक्तही तपासायला घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट समोर ठेवून ती बोलायला बसली.

"मांडीतली नळी ठीक आहे. गुडघ्याखाली तीन असतात, त्यातल्या दोन बंद आहेत, तिसरी एका जागी अगदी बारीक झालीये. गुरुवारी अँजिओग्राफी करू. जांघेतून बारीक नळी घालून फोटो काढायचे आणि त्याच वेळी फुग्याने ती जागा उघडायची."

मी विचारलं, "आधी सीटी नाही करायचा? माझ्या एका पार्टीचा केला होता. पोटापासून बोटांपर्यंत सगळं रंगीत दिसतं."

"दिसतं. पण दोन अडचणी आहेत. मावशींची वीस वर्षांची शुगर आहे. अशा लोकांच्या खालच्या बारीक नळ्यांच्या भिंतींत चुना साठतो. सीटीत तो पांढरा चमकतो आणि आतली वाट झाकून टाकतो. नेमकं जिथे बघायचंय तिथेच दिसत नाही. दुसरं म्हणजे त्यात डाय, म्हणजे फोटोत नळ्या दिसाव्यात म्हणून रक्तात सोडायचं औषध, भरपूर द्यावा लागतो, आणि त्यांची किडनी काठावर आहे. क्रिएटिनिन वाढलंय, हे बघा."

"मग एमआरआय?"

"त्यात चुन्याचा त्रास नाही. पण वेळ लागतो, तेवढा वेळ हलायचं नाही, आणि त्याच्याही डायला किडनी बघूनच हात लावावा लागतो. आणि नुसता फोटोच मिळतो. उघडायला परत यावंच लागणार. मला डॉपलरमध्ये पुरेसं दिसलंय. अगदी थोडा डाय वापरून थेट त्या जागी जाईन."

ती एकेक गोष्ट बोटांवर मोजून सांगत होती. मला मात्र एकच दिसत होतं. डॉपलर हिने केला. काम हीच करणार. माप घेणारी आणि खिडकी लावणारी एकच. आणि पुरावा काय, तर दोन टाइप केलेली पानं आणि ढगाळ करड्या रंगाचे चार फोटो.

मी म्हणालो, "म्हणजे मॅडम, कुठूनही निघालं तरी सगळ्या वाटा तुमच्याच टेबलावर येतात."

तिने आवाज चढवला नाही. "काका, हा बाजार नाही. आणि पाय तुमचा नाही. त्यांना काय वाटतं ते त्यांना बोलू द्या."

बायको घाईने म्हणाली, "नाही नाही, हे बघतात सगळं. यांना कळतं."

पाय तुमचा नाही. बाहेर तीन पेशंट बसले होते, दार उघडं होतं. ज्या पायांनी ही बाई माझ्याबरोबर इमारतींचे जिने चढली, लिफ्ट नसलेल्या सातव्या मजल्यांवर काचेचं एक टोक धरून, त्या पायांबद्दल ही मुलगी मला सांगणार! मी उठलो. "कळवतो," म्हणालो. आज, सगळं होऊन गेल्यावर, ती बरोबर होती हे मी मान्य करतो. तरी ते वाक्य आठवलं की अजून कान तापतात. तेही लिहून ठेवतो, नाहीतर मी लगेच सुधारलो असं वाटेल.

मंगळवारी मी पेणकरपाड्याच्या बाजूला एक स्कॅन सेंटर शोधलं. ते फक्त फोटो काढून देतात, उपचार करत नाहीत. म्हणजे त्यांना माप वाढवण्यात काही रस नाही. एका ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडून चिठ्ठी घेतली. फोनवर त्यांच्याशी भाव केला, आणि तो बऱ्यापैकी उतरला याचा मला आनंदही झाला.

बुधवारी सकाळी आम्ही रिक्षाने निघालो. बायकोच्या मांडीवर तिची फाइल होती. तिची कागद ठेवण्याची पद्धत अशी की प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, तारखेप्रमाणे, सगळ्यात नवा सगळ्यात वर. ती कागदाला घडी घालत नाही. लाइटचं बिलसुद्धा नाही. मी फाइल उघडली, वरचे दोन कागद काढले, डॉपलरचा आणि रक्ताचा, त्यांच्या चौपट घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवले.

"अहो, ते कशाला काढता?"

"पहिल्याचं दुसऱ्याला दाखवायचं नसतं. त्यांना त्यांचं बघू दे."

"पण त्या बाई किडनीचं म्हणत होत्या..."

"ती स्वतःचं गिऱ्हाईक सोडायचं नाही म्हणून बोलत होती."

तिने फाइल बंद केली. रिक्षावाला आरशातून बघत होता.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "अंकल, क्रिएटिनिन का रिपोर्ट?" फाइलमध्ये आता सगळ्यात वर सात महिन्यांपूर्वीचा होता, तेव्हा आकडा बरा होता. मी तो पुढे केला. तिने तारीख वाचली. "ये तो पुराना है, अंकल. नया होगा तो दो, नहीं तो यहीं निकाल लेते हैं."

नवा माझ्या खिशात होता. छातीला टोचत होता, अशी चौपट घडी जाड होते. तो दिला तर ती प्रश्न विचारणार, त्या डॉक्टरीणबाईला फोन लावायला सांगणार, आणि मी ज्या दारातून तावातावाने निघालो त्याच दारात परत उभा राहणार. आणि इथेच काढला तरी आकडा तोच येणार.

"उसके बाद कुछ नहीं बदला," मी म्हणालो. "शुगर कंट्रोल में है. हमको जल्दी है, लिख दो."

बायको माझ्या बाजूलाच उभी होती. हळूच म्हणाली, "अहो, ते परवाचं द्या ना."

मी वळलो आणि सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. "तुला विचारलंय का? तुला कळतं का त्यातलं?"

मुलीने खाली बघून फॉर्म पुढे सरकवला. त्यावर लिहिलेलं असतं की तुम्ही दिलेली माहिती खरी आहे. बायकोने सही केली. मराठीत, पूर्ण नाव, ठळक अक्षरात, शाळेत शिकवल्यासारखी.

शुक्रवारी सीटी आणला. फोटो काय सुंदर होते! काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी हाडं आणि त्यांच्यामधून लाल नळ्या. पैशाचा माल दिसत होता. मग रिपोर्ट वाचला. मांडीपर्यंत सगळं तेच जे त्या बाईने सांगितलं होतं. गुडघ्याखाली मात्र, कॅल्शियम जास्त असल्यामुळे नळ्यांची आतली वाट निश्चित सांगता येत नाही. आणि शेवटची ओळ, डॉपलरच्या निष्कर्षांशी पडताळून पाहावं.

डॉपलर माझ्या कपाटात होता, बुधवारच्या शर्टाच्या खिशात.

त्याच दुपारपासून बायकोला मळमळ सुरू झाली. रात्री उलट्या. शनिवारी सकाळी तोंड सुजलेलं, आणि म्हणाली, "काल दुपारपासून लघवीला जवळजवळ गेलेच नाहीये." मी रिक्षा केली आणि, दुसरं कुठलंच दार डोक्यात आलं नाही, सरळ त्या डॉक्टरकडे नेलं. खिशातले कागद उलगडून परत फाइलमध्ये ठेवले. हाताने दाबून घड्या सपाट करायचा प्रयत्न केला.

रक्ताचा आकडा आला तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा माझ्यावर रागावेल असं वाटलं. तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता. सलाईन, दुसरा किडनीचा डॉक्टर, लघवीची नळी, सगळं तासाभरात झालं. मग ती कॉटपाशी आली.

"सीटी करण्याआधी त्यांनी क्रिएटिनिन मागितलं नाही का?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण बायको आधी बोलली.

"मागितलं होतं हो. मीच चुकून जुनं दिलं. चष्मा घरी राहिला होता."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी वरच्या पंख्याकडे बघितलं. बायकोला जवळचं वाचायला चष्मा लागत नाही.

किडनी सावरेपर्यंत डाय देता येत नव्हता. डाय नाही तर अँजिओग्राफी नाही, आणि अँजिओग्राफी नाही तर फुगा नाही. अकरा दिवस आम्ही त्या खोलीत नुसते बसलो. रोज सकाळी दोन गोष्टी बघायच्या, रक्ताचा आकडा किती उतरला आणि काळेपणा किती चढला. आकडा सावकाश उतरत होता. काळेपणा करंगळीवरून शेजारच्या बोटावर गेला. डॉक्टर रोज पेनाने त्याच्या कडेला रेघ ओढायची आणि दुसऱ्या दिवशी रेघेच्या पुढे नवी रेघ. मी आयुष्यभर मिलिमीटर मोजले आहेत. मला ते टेपशिवाय दिसत होते.

बाराव्या दिवशी अँजिओग्राफी झाली. थोडासा डाय, अर्ध्या पाऊण तासाचं काम. तिने मला बोलावून स्क्रीनवर दाखवलं. तिसरी नळी तिने सांगितली होती त्याच जागी बारीक होती, पोटरीच्या मधोमध. अर्धा इंच इकडे नाही की तिकडे नाही. तिने टेप सैल धरली नव्हती. फुगा फुगवल्यावर डायची काळी रेघ घोट्यापर्यंत सरसर उतरली.

पाय वाचला. दोन बोटं काढावी लागली.

मी तिला विचारलं, "त्या गुरुवारी केलं असतं तर?"

"करंगळी कदाचित तरीही गेली असती," ती म्हणाली. "दुसऱ्या बोटाचं मी सांगू शकत नाही."

त्या "कदाचित"ला मी कित्येक दिवस धरून बसलो. करंगळी माझ्याकडे लागत नाही, दुसऱ्या बोटाचं नक्की नाही. म्हणजे माझ्या वाट्याला किती आलं? अर्धं बोट? सवयच अशी आहे की मी स्वतःशीही भाव करत होतो, आणि तो उतरवत आणत होतो.

घरी आल्यावर पुण्याहून मुलगी आली. हॉस्पिटलमधून फोनवर जे कळलं होतं तेच तिला माहीत होतं. आईचं ड्रेसिंग करताना ती म्हणाली, "आई, तू एवढी वेंधळी कशी गं? एक कागद नीट देता आला नाही? बाबा बरोबर होते म्हणून, नाहीतर काय झालं असतं!"

"झालं खरं चुकून," बायको म्हणाली.

मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो. मुलगी चार दिवस राहिली आणि चार दिवसांत तीनदा तरी तिने आईला चष्म्यावरून टोचलं. जाताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, आता तिचे कागद तुम्हीच सांभाळा."

पुढच्या तपासणीला बायको ड्रेसिंगच्या खोलीत असताना मी डॉक्टरसमोर उभा राहिलो. "मॅडम, तो जुना रिपोर्ट तिने नाही दिला. मी दिला."

"माहीत आहे," ती लिहिता लिहिता म्हणाली.

"कसं?"

तिने फाइल माझ्याकडे फिरवली. इतके कागद, सगळे इस्त्री केल्यासारखे. आणि मधले दोन, चार घड्यांच्या रेघा पडलेले. "मावशी कागदाची घडी घालत नाहीत," ती म्हणाली. "हे खिशात होते."

मी म्हणालो, "मग तेव्हाच बोलायचं होतं मला. दोन शिव्या घालायच्या होत्या."

"तेव्हा मला किडनी बघायची होती. आणि आत्ता मला सांगून काय होणार आहे? तुमची मुलगी मागे फोनवर मला विचारत होती, आईला विसरण्याचा आजार तर नाही ना, तपासून घेऊ का."

त्या संध्याकाळी मी मुलीला फोन केला. बायको समोर मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं, रिक्षापासून काउंटरपर्यंत, ओरडलो तेसुद्धा. मुलीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आईला द्या फोन." बायकोने फोन कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "अगं, त्यांना सगळं विचारून घ्यायची सवय आहे, त्यात वाईट काय? आणि रडू नकोस. नाही, ते जेवलेत."

मी जेवलो नव्हतो.

आता फाइल तिच्याकडे असते. मागच्या आठवड्यात परत डॉपलर होता. काउंटरवर तिनेच फाइल ठेवली, घड्यांचे कागदही जागच्या जागी. मी मागे उभा होतो. आत डॉक्टरने पेनासारखं यंत्र घोट्याला लावलं आणि लादी घासल्यासारखा आवाज आला, वरच्याइतका नाही, पण आवाज. बायको मान वळवून म्हणाली, "ऐकलंत का?" मी मान हलवली.

परत येताना ती म्हणाली, थोडं चालू या. बोटं नसल्यामुळे तिचा पाय जरा वेगळा पडतो, तिच्यासाठी करून घेतलेल्या चपलेतही. नवघर रोडवर भाजीच्या गाडीपाशी ती थांबली. वांगी हातात घेतली, उलटीपालटी केली.

मी लगेच पुढे झालो. "दुखतंय का? पोटरी?"

"नाही हो," ती म्हणाली. "वांगी घेतेय." आणि गाडीवाल्याला, "भैया, कैसे दिया?"

त्याने सांगितलेला भाव तिने मुकाट्याने दिला. मी काही बोललो नाही. पण ती खरं बोलली की नाही, ते मला कळलं नाही. माझ्यासाठी ही बाई किती सहज खोटं बोलते, ते मी पाहिलं आहे. पिशवी मी घेतली आणि तिच्या अर्धं पाऊल मागे, तिच्या पोटरीकडे बघत, चालत राहिलो.